प्रिव्हेंटर होता, पण डायरेक्ट होता

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या आसपास मोटार रिवायंडिंगचं एक तरी दुकान असतंच. ते शोधायला पाटी वाचावी लागत नाही. दारात आडव्या पडलेल्या सबमर्सिबल मोटारींची नळकांडी, कोपऱ्यात तांब्याच्या जळक्या तारेचा ढीग आणि हवेत वार्निशचा वास, एवढ्या खुणा पुरतात. इथे मोटारींचं शवविच्छेदन होतं. मयताचा मालक टोपी हातात घेऊन बाजूला उभा असतो आणि ‘काल रात्रीपर्यंत चांगली चालू होती हो’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो.

कारागीर मोटार उघडतो आणि आत नुसती नजर टाकतो. गोलाकार वाइंडिंगमध्ये ठरावीक अंतराने काही कॉइली काळ्याठिक्कर पडलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या कॉइली कोऱ्या करकरीत. स्टार जोडणीची मोटार असेल तर तीनपैकी दोन फेजच्या कॉइली जळतात, डेल्टा जोडणीची असेल तर एकाच फेजच्या. सगळं वाइंडिंग सारखंच काळं झालं असतं, तर त्याने ओव्हरलोड किंवा पंप जाम असं निदान केलं असतं. पण ही पट्ट्यापट्ट्यांची नक्षी दिसली की त्याला पुढचं काही पाहावं लागत नाही.

“दोन फेजवर पळालीय, तात्या. प्रिव्हेंटर नव्हता का बसवला?”

“बसवलाय की. चांगल्या कंपनीचा आहे.”

“मग?”

“डायरेक्ट केला होता.”

कारागीर यावर काही बोलत नाही. तो वहीत नाव लिहून घेतो. त्याच्या दुकानाचं भाडं निघतं ते याच उत्तरावर.

कंपनीच्या कॅटलॉगात या वस्तूला ‘थ्री फेज मोटर प्रोटेक्शन रिले’ असं भारदस्त नाव असतं. गावात मात्र ती ‘प्रिव्हेंटर’. तळहाताएवढी डबी, वर दोन-तीन दिवे, दोन-तीन नॉब आणि खाली स्क्रूंची रांग. काम एकच, तीन फेजपैकी एखादी गेली, कमी-जास्त झाली किंवा त्यांचा क्रम उलटला तर मोटार बंद करायची. थोडक्यात, वेळ आली की ‘नाही’ म्हणायचं. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याची आपल्याकडे जी गत होते, तीच या डबीची होते.

मुळात मोटारीला स्वतःला ‘नाही’ म्हणता येत नाही, इथूनच सगळी भानगड सुरू होते. आर, वाय आणि बी या तीन फेज एकमेकींच्या १२० अंश मागे-पुढे चालतात आणि स्टेटरमध्ये एक फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करतात. त्याच्या मागे रोटर धावतो. इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला या दोघांनी ही कल्पना १८८८ साली जगापुढे मांडली. पुढच्याच वर्षी दोलिवो-दोब्रोवोल्स्की या इंजिनिअरने तीन फेजची पिंजरा-रोटरवाली मोटार बांधली आणि १८९१ साली लाउफेनहून १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफर्टला तीन फेजची वीज नेऊन दाखवली. तेव्हापासून या मोटारीचा स्वभाव बदललेला नाही. ब्रश नाही, कुरबूर नाही, वर्षानुवर्षं पाण्याखाली बुडून काम करते. फक्त तीनपैकी एक फेज गेली, तर हे कुणाला सांगावं असं तिला वाटत नाही.

बंद मोटार दोन फेजवर सुरू होत नाही. ती जागच्या जागी घूं घूं करते आणि नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. निदान आवाज तरी करते. खरा धोका चालू मोटारीला. चालता चालता एक फेज गेली की ती थांबत नाही, उरलेल्या दोन वायरींमधून काम निभावून नेते. त्यासाठी त्या दोन वायरींतला करंट सुमारे १.७३ पट होतो. पाच हॉर्सपॉवरची मोटार साडेसात अँपिअरच्या आसपास घेत असेल, तर आता तेराच्या घरात जाते. वर मालक बांधावर उभा राहून पाहतो. पाणी येतंय, दांडाला जातंय, ऊस भिजतोय. खाली दोनशे फुटांवर तांबं शिजायला लागलेलं असतं, त्याचा धूर वरपर्यंत येत नाही.

यात आणखी एक लबाडी आहे. फिरती मोटार गेलेल्या फेजच्या कॉइलमध्ये स्वतःच व्होल्टेज तयार करते. वायरमनने स्टार्टरच्या खालच्या टोकांना टेस्टर लावला तर तिन्हीकडे दिवा लागतो. गैरहजर कामगाराच्या नावापुढे मुकादमानेच हजेरी मांडावी, तसा हा प्रकार. व्होल्टेज आहे की नाही एवढंच बघणारा स्वस्तातला रिले या हजेरीपटावर विश्वास ठेवून हिरवा दिवा दाखवत बसतो.

हजेरी खरी की खोटी हे ओळखण्याचं गणित १९१८ साली चार्ल्स फोर्टेस्क्यू या वेस्टिंगहाउसच्या इंजिनिअरने मांडलं. तीन फेज कितीही वाकड्यातिकड्या असल्या, तरी त्यांची फोड तीन नीटनेटक्या गटांत करता येते, असं त्याने दाखवलं. एक गट मोटारीला सुलट फिरवू पाहतो, दुसरा उलट, आणि तिसरा फिरवण्याच्या भानगडीतच पडत नाही. उलट फिरवू पाहणारा गट पाण्याचा एक थेंबही काढत नाही, फक्त मोटार तापवतो. चांगला प्रिव्हेंटर नेमका हाच गट मोजतो, किंवा वायरींभोवती कॉइल घालून थेट करंट मोजतो. करंटची खोटी हजेरी लावणं मोटारीला जमत नाही.

फेज पूर्णच जायला हवी, असंही नाही. व्होल्टेजमध्ये एक टक्का फरक पडला की करंटमध्ये सहा ते दहा टक्के फरक पडतो. फरक साडेतीन टक्क्यांवर गेला की मोटारीची तापमानवाढ सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढते. इन्शुलेशनबद्दलचा जुना ठोकताळा असा, की मर्यादेच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं. पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर मोटार चालवूच नका, असं अमेरिकी मानक सांगतं. हे लिहिणाऱ्यांनी लाईनच्या शेवटच्या टोकाला असलेली विहीर पाहिलेली नसावी.

फेज जाते तरी कुठे? जायला तिला वाटा पुष्कळ आहेत. खांबावरचा जंपर तुटतो. डीपीच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या, पेटीतला एक किटकॅट फ्यूज उडतो आणि शेजारच्या दोघांत मनगटी तार घातलेली असल्यामुळे ते टिच्चून उभे राहतात. अकरा हजार व्होल्टच्या बाजूचा एक डीओ, म्हणजे ड्रॉप-आउट फ्यूज, पडतो तेव्हा तर मोठी मजा होते. खालच्या बाजूला एका फेजला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि उरलेल्या दोघींना निम्मं निम्मं. म्हणजे एका वस्तीवर टीव्ही चालू असतो, दुसरीवर बल्ब निखाऱ्यासारखा लालसर दिसतो, आणि ‘लाईट आहे का?’ या प्रश्नाला गावात तीन खरी उत्तरं मिळतात.

उरलेलं काम स्टार्टरच्या पेटीत होतं. पेटीचं झाकण कधीकाळी घट्ट बसत होतं. आता आत मुंग्यांचं वारूळ असतं आणि कॉन्टॅक्टरच्या पॉइंटमध्ये एखादी पाल सापडते. पॉइंट मिटताना ती मधे आली की पालही जाते आणि फेजही. अशा वेळी रिलेने व्होल्टेज कॉन्टॅक्टरच्या आधी मोजलं असेल तर त्याच्या लेखी तिन्ही फेज ठणठणीत असतात, कारण पाल त्याच्या हद्दीबाहेर वारलेली असते.

आता हा रिले बसवण्याचा सोहळा. वायरमन येतो तो बहुधा संध्याकाळी आणि बहुधा दुसऱ्या कुणाच्या कामावरून. माहितीपत्रक बारीक इंग्रजी अक्षरात असतं. ते खोक्यातच राहतं आणि खोकं फ्यूजची तार ठेवायला कामी येतं. जोडणी अवघड नाही. आर, वाय, बीच्या तीन वायरी रिलेला द्यायच्या आणि रिलेचा कॉन्टॅक्ट स्टार्टरच्या कॉइलच्या वाटेत घालायचा. सगळं ठीक असेल तर वाट खुली, गडबड झाली की वाट बंद. मग कॉइलची ताकद जाते आणि स्टार्टर खटकन पडतो.

मग नॉबची पाळी. एक फेजमधल्या फरकाचा, एक कमी व्होल्टेजचा, एक वेळेचा. वेळेचा नॉब महत्त्वाचा, कारण मोटार सुरू होताना व्होल्टेज क्षणभर दबतंच. तेवढ्यावर रिलेने घाबरून मोटार पाडू नये म्हणून त्याला काही सेकंद थांबायला सांगायचं असतं. ओव्हरलोडचा नॉब मोटारीच्या प्लेटवर लिहिलेल्या अँपिअरवर ठेवायचा असतो. पण ती प्लेट मोटारीवर असते आणि मोटार बोअरमध्ये. तेव्हा वायरमन अनुभवाचा आधार घेतो आणि सगळे नॉब उजवीकडे टोकाला नेतो.

“तात्या, सगळं फुल्ल करून ठेवलंय. आता त्रास द्यायचा नाही.”

वायरमनचं हे वाक्य रिलेला उद्देशून असतं.

सप्लाय दिल्यावर लाल दिवा लागतो. फेजचा क्रम उलटा आहे, असं रिले सांगत असतो. आता कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की क्रम सुधारतो, हे वायरमनला पक्कं माहीत असतं. प्रश्न एवढाच, की कुठल्या दोन? सगळ्यात हाताशी असतात त्या रिलेच्याच बारीक वायरी. त्या बदलल्या की दिवा हिरवा होतो, चहा येतो आणि मोटार पूर्वीइतकीच उलटी फिरते. रिलेला फक्त सुलट बातमी मिळायला लागलेली असते.

उलट्या फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूगल पंपाची गंमत म्हणजे तो पाणी उलटं ओढत नाही. पाणी त्याच पाइपातून, त्याच दिशेने येतं. फक्त जोर नसतो आणि धार बारीक होते. त्यामुळे मोटारीवर संशय जात नाही. संशय जातो भूगर्भावर. ‘बोअरचं पाणी खाली गेलं’ असं निदान होतं आणि हातात नारळ घेतलेला पाणाड्या शेतात फिरायला लागतो. खरी रीत अशी, की आधी मेन स्विचकडून येणाऱ्या दोन जाड वायरी बदलून रिलेला खरोखर सुलट क्रम द्यायचा. मग मोटार सुरू करून धार बघायची, आणि तरीही ती उलटी असेल तर मोटारीकडे जाणाऱ्या केबलच्या दोन वायरी बदलायच्या. पाणाड्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

रिलेच्या अब्रूचे पुरते धिंडवडे निघतात ते डीपी बदलल्याच्या दिवशी. डीपी जळते, गाव अर्ज-विनंत्या करतं, आणि अखेर एके दिवशी दुसरी डीपी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येते. अंधार पडता पडता जोडणी होते आणि त्या घाईत दोन फेजची जागा बदलते. लाईट आली म्हणून गावात आनंदीआनंद. ज्यांच्याकडे प्रिव्हेंटर नाही, त्यांच्या मोटारी झटक्यात सुरू होतात, उलट्या. धार बारीक, पण इतक्या दिवसांनी पाणी आलंय म्हटल्यावर धारेची मापं कोण काढतो? ज्याने पैसे खर्च करून प्रिव्हेंटर बसवला, तो एकटा अंधारात लाल दिव्याकडे बघत बसतो.

“सगळ्या गावाच्या मोटारी चालू झाल्या, तुझीच का होत नाही रे?”

“प्रिव्हेंटर सोडत नाही, अण्णा.”

“मग ते कशाला मधे ठेवलंस? डायरेक्ट कर की.”

डायरेक्ट करणं म्हणजे रिलेच्या कॉन्टॅक्टची दोन टोकं वीतभर वायरीने जोडून टाकणं. रिले जागेवरच राहतो, त्याचे दिवेही लागतात. लाल दिवा लागला तरी मोटार चालूच राहते. हा सगळ्यात सभ्य प्रकार. दुसऱ्या प्रकारात स्टार्टरचं हिरवं बटण दाबून त्यात लाकडाची पाचर ठोकतात. तिसऱ्यात रिले पुरताच काढतात. महागाची वस्तू उन्हापावसात खराब होऊ नये म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घरच्या कपाटात, सातबाऱ्याशेजारी ठेवला जातो. रिलेचं संरक्षण चोख होतं.

याला अडाणीपणा म्हणून हसणं सोपं आहे, पण शेतकऱ्याचा हिशेब पाहिला तर हसू आवरतं घ्यावं लागतं. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज मिळते ती पाळीपाळीने, दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास. त्यातही लाईन जाते-येते. रात्रीची पाळी असेल तर बॅटरी आणि काठी घेऊन, जुन्नरसारख्या भागात बिबट्याचा विचार करत, विहिरीवर जायचं. तिथे व्होल्टेज ४१५च्या जागी साडेतीनशेच्या खाली. रिले नियमाने वागला तर त्या रात्री मोटार सुरूच होणार नाही. माना टाकायला लागलेला कांदा आणि जळू शकणारी मोटार यांत निवड करायची तर मोटार पुन्हा भरून मिळते, कांदा मिळत नाही. रिलेला मोटार कळते. कांद्याचं त्याला कुणी शिकवलेलं नाही.

या अडचणीवरचं गावठी उत्तर म्हणजे ऑटोस्विच. थ्री फेज आली की मोटार आपोआप सुरू, मालक घरी झोपलेला. महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलीय की ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा. कारण वीज परतल्याच्या क्षणी त्या डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, प्रत्येक जण कित्येक पट करंट मागतो आणि डीपी माना टाकते. त्यातून ऑटोस्विच चालू आणि प्रिव्हेंटर डायरेक्ट, अशी जोडी जमली तर विचारायलाच नको. मध्यरात्री दोनच फेज आल्या तरी आज्ञाधारक ऑटोस्विच मोटारीला उठवतो आणि ती रिकाम्या रानात घूं घूं करत राहते.

‘कॅपॅसिटर बसवा’ या आवाहनावरही गावात उत्तर तयार असतं, “आमच्याकडे आहेच की.” फक्त तो वेगळ्या कामाचा असतो. महावितरणला हवा असतो पॉवर फॅक्टर सुधारून डीपीचा भार हलका करणारा. गावातला कंडेन्सर असतो तो तिसरी फेज नसताना तिची नक्कल करून, फक्त घरगुती दिव्यांसाठी सोडलेल्या विजेवर पंप चालवणारा. गुजरातेतही हेच चालायचं. २००३ साली सुरू झालेल्या ज्योतिग्राम योजनेत गावठाण आणि शेती यांचे फीडर वेगळे केले गेले, त्यामागे हेही एक कारण होतं. महाराष्ट्रातही फीडर वेगळे करण्याची वेळ आली. अशा कंडेन्सरवाल्या मोटारीवर प्रिव्हेंटर बसवणं म्हणजे चोराच्या घरी हवालदार भाड्याने ठेवणं. तो पहिल्या मिनिटाला आपलं काम करतो आणि दुसऱ्या मिनिटाला डायरेक्ट होतो.

शहरी मंडळींनी यावर फार मिशा पिळू नयेत. हाऊसिंग सोसायटीच्या जुन्या पद्धतीच्या लिफ्टमध्येही हाच रिले असतो. रस्त्यावर केबलचं काम झालं आणि फेजचा क्रम बदलला, की तो लिफ्ट जागच्या जागी रोखतो. रोखली नाही, तर पाचवा मजला दाबलेले आजोबा तळघराकडे निघतील. पण सोसायटीच्या सभेत विषय निघतो तो ‘लिफ्ट सारखी बंद का पडते?’ असा. सेक्रेटरी मेकॅनिकला बाजूला घेऊन विचारतात, “हे काढून टाकलं तर चालेल ना?” शीतगृहाच्या किंवा मोठ्या एसीच्या स्क्रोल कॉम्प्रेसरला तर उलटं फिरणं अजिबात मानवत नाही. थोड्याच वेळात तो आतून खराब होतो. तिथला मालक मात्र रिलेला हात लावू देत नाही, कारण त्याने कॉम्प्रेसरचं बिल एकदा भरलेलं असतं.

दरम्यान रिलेने काळाची पावलं ओळखली. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारं ‘नॅनो गणेश’ बनवलं आणि २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं. आता बाजारात मोबाइल स्टार्टरची रांग लागली आहे. प्रिव्हेंटर त्यांच्या पोटातच असतो आणि त्याला वाचा फुटली आहे. मोटार का बंद पडली हे तो मालकाला फोन करून मराठीत सांगतो. फेज नाही, व्होल्टेज कमी, विहिरीत पाणी नाही, सगळं सविस्तर. पूर्वी रिले नुसता लाल दिवा दाखवायचा, तेव्हा ‘कळलं नाही’ असं तरी म्हणता यायचं. आता रात्री दोन वाजता एक शांत, शुद्ध, सुसंस्कृत बाई उठवून सांगते की आपली एक फेज गेलेली आहे. मालक लाईनमनला फोन लावतो. तिथून दुसरी बाई तितक्याच शुद्ध मराठीत सांगते की आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे.

आणि आता सौर पंप आले. केंद्राची कुसुम योजना २०१९ची, राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ २०२४ची. सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी पाच टक्के. पॅनेलमधून येणाऱ्या डीसी विजेपासून कंट्रोलर स्वतःच तीन फेज तयार करतो, त्यामुळे खांबावरून फेज जाण्याची भीती नाही, डीपी नाही, डीओ नाही, रात्रपाळी नाही. संरक्षणाचं काम कंट्रोलरच्या आतल्या प्रोग्रामकडे आहे आणि प्रोग्रामला वीतभर वायर लावायला जागा नाही. वायरमनने पेटीला चारी बाजूंनी फेरी मारून बघितलं, स्क्रू मोजले आणि मागे सरला. ढग आले की मोटार आपोआप हळू होते, गेले की पुन्हा वेग घेते. तक्रार कुणाकडे करायची, हा मात्र नवाच पेच आहे. बसवल्या दिवशी धार बारीक आली, तर पॅनेल पुसायच्या किंवा पाणाड्याला निरोप धाडायच्या आधी मोटारीकडच्या केबलच्या दोन वायरी बदलून बघायच्या, कारण तीन फेज सूर्याच्या असल्या तरी क्रम जोडणाऱ्याच्या हातात असतो.